चौथऱ्यावर लिहायचं राहिलेलं

बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या हातात जे पुस्तक असतं, त्याच्याबद्दल मला लिहायचं आहे. पुतळ्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. किती फुटी आहे, कुणी बसवला, अनावरणाला कोण आलं होतं, चौकात वाहतुकीला अडचण होते की नाही. पुस्तकाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ते मिटलेलं असतं, काखेशी धरलेलं असतं, आणि ती राज्यघटना आहे एवढं लहान पोरालाही ठाऊक असतं.

मी अकोल्यात दिवाणी वकिली करते. घर जठारपेठेत, ऑफिसही घराच्याच पुढच्या खोलीत. वाटणीचे दावे, हक्कसोडपत्रं, वहिवाटीच्या रस्त्याची भांडणं, सातबाऱ्यावरच्या चुकलेल्या नोंदी, यातच माझी वकिली गेली. त्यामुळे पुतळा पाहताना माझी नजर आधी त्या पुस्तकाकडे जाते. माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई, प्रत्येक शेतकरी त्या पुस्तकातल्या कुठल्या ना कुठल्या ओळीच्या आधारानं कोर्टाची पायरी चढत असतो. त्याला ती ओळ माहीत नसते. पुतळा मात्र माहीत असतो.

अकोल्याहून मूर्तिजापूरकडे निघा, बाळापूरकडे निघा, नाहीतर अकोटकडे. वाटेतल्या गावांत, वेशीपाशी किंवा बुद्धविहारासमोर, निळ्या कोटातले बाबासाहेब उभे दिसतात. यातले बरेच पुतळे सिमेंटचे. मजुरी करणाऱ्यांनी वर्गणी काढून उभे केलेले. चौदा एप्रिलच्या आधी त्यांना नवा ऑइलपेंट लागतो, कोट निळा, टाय लाल, चष्म्याची काडी सोनेरी. शहरातल्या कलावंतांना हे पुतळे बेढब वाटतात, चेहरा जुळत नाही म्हणतात. माझं मत वेगळं आहे. ज्या माणसांना गावाच्या पाणवठ्यावर उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांनी गावाच्या दर्शनी जागी आपला माणूस उभा केला, आणि त्याच्या हातात तलवार न देता कायद्याचं पुस्तक दिलं. असं शिल्प जगात फार ठिकाणी सापडणार नाही. नाक थोडं इकडचं तिकडे झालं असेल, पण हातात काय असायला हवं हे गावाला अचूक कळलं होतं.

ही मूर्ती घडत कशी आली, तेही पाहण्यासारखं आहे. बाबासाहेबांच्या हयातीतला पुतळा कोल्हापूरच्या बिंदू चौकात आहे. भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० रोजी तिथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले. शिल्पकार होते बाळ चव्हाण. घटना अमलात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुढे २ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्णाकृती ब्राँझच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तो ब्रह्मेश वाघ यांनी घडवला. एका हातात घटना, दुसऱ्या हाताचं बोट पुढे रोखलेलं. आज गावोगाव दिसणारी उभी मूर्ती याच घराण्यातली. २०२४ मध्ये संसदेच्या आवारातले पुतळे एकत्र हलवले गेले, तेव्हा हाही जागेवरून हलला. सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात मात्र बाबासाहेब यायला २६ नोव्हेंबर २०२३ उजाडावं लागलं. नरेश कुमावत यांनी घडवलेला तो पुतळा वकिलाच्या गाऊनमध्ये आहे. माझ्या पेशाच्या माणसांना तो विशेष जवळचा वाटतो, मलाही वाटतो.

आता ते मिटलेलं पुस्तक उघडू.

कलम १५ काढा. जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला दुकानात, हॉटेलात, करमणुकीच्या जागी मज्जाव करता येणार नाही, असं त्यात आहे. त्याच्याच पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते आले आहेत. देशाच्या घटनेत, जिथे राष्ट्रपती, संसद, राज्यपाल अशी भाषा चालते, तिथे विहीर आणि तलाव कुठून आले? मी ते कलम वाचते तेव्हा मला महाडचं चवदार तळं दिसतं.

चवदार तळ्याची गोष्ट आपण पाणी पिण्यापाशी थांबवतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, मागून हजारोंनी भरली, मग सवर्णांचा हल्ला झाला, आणि तळं पंचगव्यानं शुद्ध करून घेतलं गेलं. शाळेच्या पुस्तकात एवढं असतं. वकील म्हणून मला त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं जास्त ओढून घेतं. अलीकडचं असं की ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झालेला होता. सरकारी खर्चानं चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये आपलं तळं त्यानुसार खुलं केलं. हक्क कागदावर आलेला होता. पाण्याजवळ जायची छाती कुणाची होत नव्हती. सत्याग्रह झाला तो कागदावरचा हक्क अंगानं वापरण्यासाठी.

पलीकडचं तर त्याहून मोठं आहे. नगरपालिकेनं भिऊन आपला ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद बोलावली. त्याच्या तोंडावर महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. तळं आमच्या खासगी मालकीचं, अस्पृश्यांना तिथे येण्याचा रिवाज नाही, त्यांना मनाई करा. कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेला हजारो माणसं जमली होती, पाण्याकडे जायला तयार होती. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मानला आणि सत्याग्रह तहकूब केला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्याला कुणी हात लावला नाही. हजारो संतापलेल्या माणसांना 'आता कोर्टात जिंकू' म्हणून सांगणं किती कठीण, हे मी दोन भावांना बांधावरून कोर्टात आणताना रोज अनुभवते.

मग सुरू झाली तारीख पे तारीख. महाडच्या कोर्टानं १९३१ मध्ये सवर्णांचा दावा फेटाळला. ते अपिलात गेले. तिथे हरले. मग हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानं शेवटचा निकाल दिला. तळ्यावरून इतरांना हाकलण्याची अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असा त्याचा गाभा. पाणी प्यायल्याच्या दिवसापासून दहा वर्षांना तीन दिवस कमी. ओंजळ भरायला क्षण पुरला, ती ओंजळ कायद्यानं बरोबर ठरायला दहा वर्षं लागली.

महाडला क्रांतिस्तंभ आहे, तळ्याच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे, दर वर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला लाखो माणसं जातात. पण १७ मार्चला कुणी जात नाही. जिंकलेल्या दाव्याचा दिवस कुणाच्या कॅलेंडरात नाही. आणि त्या लढ्यात राबलेली माणसं? परिषदेसाठी धावाधाव केलेले रामचंद्र बाबाजी मोरे, नगराध्यक्ष असून सोबत उभे राहिलेले सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे, कुणीच जागा देईना तेव्हा परिषदेला जमीन देणारे फत्तेखान. ही नावं चळवळीत मुरलेल्या माणसाला माहीत असतात. सहलीला आलेल्या शाळकरी मुलाला ती कुठे भेटणार?

महाड लांब वाटेल, म्हणून आपल्या वऱ्हाडातली गोष्ट सांगते.

अमरावतीला इर्विन चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. पंचवटी चौकात डॉ. पंजाबराव देशमुखांचा पुतळा आहे. एकापाशी चौदा एप्रिलला मुंगीला शिरायला जागा नसते. दुसऱ्यापाशी सत्तावीस डिसेंबरला भाऊसाहेबांच्या, म्हणजे पंजाबरावांच्या, जयंतीचे हार चढतात. दोन चौक, दोन समाज, दोन जयंत्या, अशी आपल्या डोक्यात वाटणी झालेली आहे. प्रत्यक्षात या दोन माणसांना एका लढ्यानं जोडलं, आणि तो लढा त्याच शहरातल्या अंबादेवीच्या दारातला. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं, ही मागणी होती. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. ऑक्सफर्डहून वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून आणि बॅरिस्टर होऊन नुकतेच परतलेले पंजाबराव या चळवळीत पुढे होते. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम वारल्याची बातमी आली. मंदिराच्या पंचांना विचार करायला अवधी द्यावा म्हणून सत्याग्रह पुढे ढकलला गेला.

पुढच्याच वर्षी पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. पाटलाघरचा, देशमुखी थाटाचा हा माणूस जातीबाहेर लग्न करतो, विहिरी खुल्या करतो, देवस्थानांच्या संपत्तीवर कायदा आणायचा प्रयत्न करतो. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना ते किती झोंबलं असेल! नंतर ते घटना समितीत गेले. मागासवर्गीयांच्या आयोगाचं कलम ३४० निघालं की विदर्भात त्यांचं नाव आजही आवर्जून घेतलं जातं. आणि घटनेच्या कलम २५ मध्ये सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं सर्व वर्गांना खुली करण्याचा कायदा करता येईल, अशी तरतूद आहे. ते कलम वाचताना मला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो आणि तेवढीच अंबादेवीही आठवते.

पण इर्विन चौकातून पंचवटी चौकात रोज ऑटोनं जाणाऱ्या कॉलेजच्या पोरीला विचारा, या दोन पुतळ्यांचं आपसात काय नातं आहे. मी विचारून पाहिलं आहे. एक म्हणाली, "दोघंही मोठे होते न मॅडम." तिचा दोष नाही. आम्ही वकील, मास्तर, प्राध्यापक मंडळींनी तिला सांगितलंच नाही.

अकोल्याचंही तसंच. अशोक वाटिकेत चौदा एप्रिलच्या रात्री मी दर वर्षी जाते. लेकरं खांद्यावर घेतलेले बाप, पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या, पुस्तकांचे स्टॉल. पुतळ्याच्या आवारात पुस्तकं विकली जावीत, हे या जयंतीचं मोठंच वैशिष्ट्य, आणि त्या स्टॉलवर घटनेची प्रत मिळते, ही मला पुतळ्यापेक्षाही मोठी गोष्ट वाटते. तिथून तासाभराच्या अंतरात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, दहीहांडा आहे. १९३० मध्ये समुद्र शेकडो कोस दूर असलेल्या या गावी मिठाचा कायदा मोडला गेला, विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून. त्याच वर्षी १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून जंगलचा कायदा मोडला. गवत कापणं हा गुन्हा आणि मीठ करणं हा गुन्हा, असे कायदे होते, ते उघडपणे मोडून शिक्षा भोगायला माणसं तयार झाली. आमच्या खारपाणपट्ट्याची ओळख आज फक्त किडनीच्या आजारानं होते. त्याच खाऱ्या पाण्यानं कधी साम्राज्याचा कायदा मोडला होता, हे गावच्या पोराला कळलं तर तो आपल्या विहिरीकडे वेगळ्या नजरेनं पाहील.

माझा मुद्दा असा आहे की हक्काच्या लढ्याचं स्मारक करताना आपण लढा गाळतो आणि माणूस ठेवतो. तोही जिंकून झालेला, पोशाख घालून तयार असलेला माणूस. मागणाऱ्याचा, नाकारला गेलेल्याचा, हरलेल्याचा पुतळा आपल्याला सुचत नाही.

अमेरिकेत सेंट लुईस शहरात जुन्या कोर्टाच्या इमारतीसमोर एका जोडप्याचं शिल्प आहे. ड्रेड स्कॉट आणि हॅरिएट स्कॉट. दोघं गुलाम. आम्हाला स्वतंत्र घोषित करा म्हणून १८४६ मध्ये त्यांनी त्याच कोर्टात दावा लावला. अकरा वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना हरवलं. नुसतं हरवलं नाही, काळ्या माणसाला नागरिक म्हणून कोर्टात यायचा हक्कच नाही म्हणून सांगितलं. त्या निकालानं देश यादवीच्या आणखी जवळ गेला. २०१२ मध्ये हॅरी वेबर या शिल्पकारानं घडवलेलं शिल्प तिथे बसलं. हरलेल्या पक्षकारांचा पुतळा, जिथून दावा सुरू झाला त्याच कोर्टाच्या दारात! मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावात २०२२ साली एलिझाबेथ फ्रीमन या बाईचा पुतळा बसला. ती गुलाम होती, लिहायला-वाचायला येत नव्हतं. राज्याच्या नव्या घटनेत सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं म्हटलंय, हे तिच्या कानावर पडलं, ती वकिलाकडे गेली, आणि १७८१ मध्ये आपला दावा जिंकली. निरक्षर बाई, ऐकलेलं एक कलम आणि वकिलाचं दार. ही बाई मला परकी वाटत नाही. ती माझ्या ऑफिसात येते.

येते ती अशी. बाप वारतो, भाऊ सातबाऱ्यावर आपलं नाव चढवतो, आणि बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतो. साडीचोळी होते. बहीण सही करते. काही जणी सही करण्याआधी माझ्याकडे येऊन नुसत्या बसतात. एकीनं सांगितलेलं माझ्या डोक्यातून जात नाही: "वकीलबाई, वावर मागतलं तं माहेर तुटते, अन् नाही मागतलं तं मी तुटतो. सांगा आता, काय करू?" वऱ्हाडात बाईही बोलताना 'मी तुटतो' म्हणते.

तिच्या हक्काची मुळं त्याच पुतळ्याच्या हातात आहेत. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला वारसाहक्क देऊ केला. बिल रखडलं, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागचं एक मोठं कारण हेच. त्यातला तुकडा १९५६ च्या वारसा कायद्यात आला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा दिला, पण त्या कायद्याच्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीनं ती भिंत पडली. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी मुलीचा हक्क जन्मानंच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. राजीनाम्यापासून या निकालापर्यंत जवळजवळ एकोणसत्तर वर्षं. या साऱ्या काळाचं शिल्प मी कुठे पाहिलेलं नाही. मला ते पाहायचं आहे. तलाठी कार्यालयाच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली बाई, हातात सातबाऱ्याचा उतारा. १८८७ मध्ये नको असलेल्या नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन म्हणणाऱ्या रखमाबाई कोर्टासमोर उभ्या आहेत, असंही एक शिल्प मला पाहायचं आहे.

काही लढ्यांना मात्र चेहरा देऊच नये. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडून दिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. विदर्भातल्या एका मजूर मुलीमुळे आज देशातल्या प्रत्येक बाईला कोर्टात थोडी जास्त सुरक्षितता आहे. तिचा पुतळा नको. पण त्या कायद्याचा दगड तरी हवा, नाव न लिहिलेला.

न्यायदेवतेच्या मूर्तीबद्दल लोक मला विचारतात. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात विनोद गोस्वामी यांनी घडवलेली नवी न्यायदेवता आली, डोळ्यांवरची पट्टी गेली आणि तलवारीच्या जागी घटना आली. चांगलं झालं. पण देवता कधी कोर्टात उभी राहिलेली नाही, तिनं तारीख घेतलेली नाही, जामिनासाठी दागिने गहाण टाकलेले नाहीत. दुसरीकडे जयपूरला राजस्थान हायकोर्टाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. त्याच वर्षी न्यायमूर्तींनी एकत्र बसून तो हलवायचं ठरवलं, त्याला स्थगिती मिळाली, आणि पुतळा जागेवर राहिला. २०१८ मध्ये औरंगाबादच्या दोन बायका एवढा प्रवास करून तिथे गेल्या आणि त्यांनी त्याला काळं फासलं. कायदा हातात घेण्याचं समर्थन मी वकील म्हणून करू शकत नाही. पण महाडला १९२७ मध्ये जे जाळलं गेलं, ते पुतळा होऊन न्यायालयाच्या आवारात उभं आहे, याचं दुःख त्या दोघींना झालं तेवढं आपल्या सगळ्या बार असोसिएशनांना व्हायला हवं होतं.

पुतळा दगडाचा असला तरी त्याच्यापायी माणसं मरतात, हेही विसरून चालणार नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. म्हणूनच आज पुतळ्याला परवानगी मिळवणं हे किचकट काम आहे, आणि ते तसं असणं योग्य आहे. सर्वोच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानं सार्वजनिक रस्त्यांवर, फुटपाथवर नवे पुतळे बसवू देऊ नयेत असं राज्यांना बजावलं आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, जागेच्या मालकीचा कागद लागतो, पोलिसांचा अभिप्राय लागतो, शिल्पकाराच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते आणि मग जिल्हाधिकारी परवानगी देतात. मालवणच्या राजकोटावरचा शिवरायांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तेव्हा या मातीच्या नमुन्याचं महत्त्व सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

या कागदपत्रांसाठी आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावची पुतळा समिती माझ्याकडे आली होती. दोन तरुण, एक निवृत्त मास्तर, आणि बचत गटाच्या एक ताई. ब्राँझचा पुतळा करायचा होता. त्यांनी शिल्पकाराकडे जाऊन सगळं समजून घेतलं होतं. आधी सळ्यांच्या सांगाड्यावर माती चढवतात, त्यावरून साचा काढतात, मेणाची प्रत करतात, मेण वितळवून त्या पोकळीत तांबं, कथील, जस्त यांचा रस ओततात, तुकडे जोडून घासतात, आणि शेवटी आम्लाचा हात देऊन रंग आणतात. मास्तर हे सगळं इतकं रंगून सांगत होते की मी फाइल बाजूला ठेवली. मग मी विचारलं, "चौथऱ्यावर काय लिहिणार?"

एका तरुणानं खिशातून कागद काढला. कोनशिलेचा मजकूर तयार होता. अनावरण कुणाच्या शुभहस्ते, अध्यक्ष कोण, प्रमुख उपस्थिती कुणाची, सरपंच, उपसरपंच, सदस्य. सव्वीस नावं. बाबासाहेबांचं नाव एकदा, त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा, बस.

मी ताईंना विचारलं, तुमच्या गावची विहीर सगळ्यांना कधी खुली झाली? त्या मास्तरांकडे पाहू लागल्या. मास्तर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग सांगू लागले. त्यांच्या आजोबांच्या वेळची गोष्ट होती. कोण पहिल्यांदा गेलं, कुणी बादली फेकली, कुणाचं काम बंद झालं, कोणत्या सवर्ण घरानं गुपचूप ज्वारी पोचवली. त्या दोन तरुणांनी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि ते त्याच गावचे होते. मी म्हटलं, हे लिहा ना चौथऱ्यावर. मास्तर म्हणाले, "त्यात काई लोकायचे नातू आजही गावात हायत, मॅडम. वाद होईन." मी म्हटलं, ज्यांनी अडवलं त्यांची नावं नका लिहू. जे गेले त्यांची लिहा. ज्यांनी ज्वारी दिली त्यांचंही लिहा.

लंडनला संसदेसमोरच्या चौकात मिलिसेंट फॉसेट या बाईचा पुतळा २०१८ साली बसला. बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी त्या आयुष्यभर सनदशीर मार्गानं झगडल्या. शिल्पकार गिलियन वेअरिंग यांनी चौथऱ्यावर त्या लढ्यातल्या आणखी ५९ जणांची नावं आणि चेहरे कोरले, त्यांतल्या ५५ बायका आणि चार पुरुष. वर एक माणूस, पण चौथरा सगळ्यांचा. चौथरा म्हणजे पुतळ्याची उंची वाढवायची जागा नव्हे, हे त्यांना समजलं होतं.

मुंबईत इंदू मिलच्या जागेवर शंभर फुटांच्या चौथऱ्यावर साडेतीनशे फुटांचा पुतळा उभा राहतोय. राम सुतारांसारख्या धुळे जिल्ह्यातल्या मोठ्या शिल्पकाराचं काम ते. हैदराबादला सव्वाशे फुटांचा झाला, विजयवाड्यालाही सव्वाशे फुटांचा झाला. उंचीला माझा विरोध नाही. ज्यांना शतकानुशतकं मान खाली घालायला लावली, त्यांना मान वर करून पाहायला काही हवं असेल तर ते न्याय्य आहे. पण साडेतीनशे फुटांवरच्या हातातलं पुस्तक खालून कुणाला वाचता येणार? वाचता येईल ते डोळ्यांच्या उंचीवर असलेलंच.

तेव्हा एवढंच मागते. तुमच्या गावात, चौकात, कॉलेजात, कोर्टाच्या आवारात पुढचा पुतळा ठरेल तेव्हा बैठकीला जा. पाहुणे ठरण्याच्या आधी चौथऱ्याचा मजकूर ठरवा. कोणता हक्क होता, तो कुणी मागितला, कुणी सोबत केली, किती वर्षं लागली, कोणत्या कोर्टानं किंवा कोणत्या कायद्यानं तो दिला, आणि आज घटनेत तो कितव्या कलमात आहे, एवढं साध्या मराठीत लिहा, शाळेतल्या मुलीला वाचता येईल अशा अक्षरांत. अमरावतीकरांना माझी वेगळी विनंती आहे. १३ नोव्हेंबर २०२७ ला अंबादेवीच्या प्रश्नावर भरलेल्या त्या परिषदेला शंभर वर्षं पूर्ण होतील. इर्विन चौकात आणि पंचवटी चौकात एकाच मजकुराचे दोन दगड बसवा. मजकूर तयार करायला कुणी नसेल तर मी जठारपेठेतून येईन.